भिंतीकडचा बाक

मी शाळेच्या जेवणघरातला भिंतीकडचा बाक बोलतोय. सुताराने मला उरल्यासुरल्या फळ्यांतून केलं. बाकीचे बाक आठ-आठ मुलांचे, मी जेमतेम दोघांचा. रांगेत कुठे बसेना, म्हणून माझी रवानगी हात धुण्याच्या नळापलीकडे झाली. माझ्यावर येणार कोण? उशिरा आलेलं, नाहीतर कुणाला नको असलेलं पोर.

त्या वर्षी दुसरीत एक नवी मुलगी आली. कुणाशी बोलेना. वाढणाऱ्या मावशींनी तिचं नाव ठमी ठेवलं. ठमी रोज माझ्यावर बसायची, ताटली मांडीवर घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून भराभर जेवायची. माणूस एकटं असलं की घास चावत नाही, नुसतं उरकतं, हे मला तिच्यामुळे कळलं. मी मात्र त्या पंधरा मिनिटांची दिवसभर वाट बघायचो.

एका दुपारी नळापाशी दोन पोरांची पळापळी चालली होती. त्यातल्या एकाचा धक्का ठमीला लागला आणि तोंडातली सफरचंदाची फोड घशात अडकली. तिला खोकताही येईना. तिने माझी कड घट्ट धरली. जेवणघरात दीडशे पोरांचा कालवा, आणि हिची पाठ सगळ्यांकडे. मी ओरडणार कसा? मी पडलो लाकूड.

तेवढ्यात मावशी फडकं धुवायला नळावर आल्या.

"ठमे, काय गं? बोल की."

ठमीने गळ्याला हात लावला. मावशींनी फडकं टाकलं, तिला पुढे वाकवलं आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने जोरात थापा मारल्या. चौथ्या थापेला फोड बाहेर पडली. ठमी मोठ्याने रडली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मावशी तिला पोटाशी धरून कितीतरी वेळ माझ्यावर बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अख्खा वर्ग जेवणघरात उभा केला.

"पळायचं कुठे?"

"मैदानात."

"इथे?"

"चालायचं."

"तोंडात घास असताना?"

"बसून नीट चावायचं. बोलायचं नाही."

"आणि कुणाचा घास अडकला तर?"

"लगेच मोठ्यांना हाक मारायची," पोरं एका सुरात म्हणाली.

"पण तुम्हाला ती दिसलीच नाही, तर हाक कशी मारणार?"

मग दोन वेण्यांची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आम्ही सरकलो तर ती आमच्या बाकावर मावेल."

"मग सरका की."

तेव्हापासून इथे कुणी एकटं जेवायचं नाही, असा नियम आहे. ठमी खिडकीजवळ बसते. हल्ली तर तिलाच सांगावं लागतं, आधी घास गिळ, मग बोल.

माझ्यावर आता कुणी बसत नाही. दुपारभर नळाचं ठिबकणं ऐकत असतो. ठमीची आठवण येते, खोटं कशाला बोलू? पण मुलांनो, नियम चांगला आहे. तो मोडू नका. माझी कीव आली, तरी नका.