सूर्याची सही

टण्ण! झोळीतल्या माझ्या बाळाने चमचा फरशीवर फेकला आणि गोळीबार थांबल्यापासून घरात दाटलेली शांतता फुटली.

पोलिओच्या थेंबांसाठी दोन्ही फौजांनी संध्याकाळपर्यंत बंदुका खाली ठेवल्या होत्या. गल्लीत मुंगीला वाट नव्हती. पण ती गर्दी चमत्कार दाखवणाऱ्या बाबापुढे! तो बाळांच्या करंगळीला पाण्यासारखं तीर्थ चोपडी, बोट उन्हात धरी. हळूहळू नखावर काळी खूण उमटे.

"पाहा, सूर्याने सही केली! कशाला हवं ते शत्रूचं विष?"

थेंब दिलेल्या बाळांना नर्सबाईही तशीच खूण करत. त्यामुळे बाबाची खूण दिसली, की 'यांचं झालं' म्हणून त्या पुढे जात. गेल्या खेपेला सही मिळालेल्या सुताराच्या मुलीचा पाय पुढे लुळा पडला, तर हा म्हणे, "आईचा विश्वास कमी पडला." शी! ओकारी यावी असला माणूस.

जाऊबाई फणकारत घरात आल्या. "माझ्या छोट्याला सहीच उमटली नाही! बाबा म्हणाले, घरात कुणीतरी शंकेखोर आहे. तूच ती!"

तीर्थ लावल्यापासून छोट्या मूठ आवळून शालीत झोपलेला. माझ्या थोरल्या लेकीने दारातल्या उन्हात त्याची मूठ सोडवली आणि खेळत बसली. थोड्या वेळाने ओरडली, "आई, सही आली! पण बाबा तर इथे नाहीत!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लग्नाआधी मी फोटो स्टुडिओत होते. उजेडाने काळं पडणारं रसायन मी हाताळलेलं. तशीच गर्दीत घुसले आणि ते तीर्थ बाबाच्याच नाकाला फासलं.

"पापिणी, हे काय?"

"सही घेतेय. सावलीत पळू नका हं!"

नाक काळं पडू लागलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. नर्सबाईंनी तीर्थाच्या बाटलीवरचा शिक्का निरखला. "अहो, ही तर मतदानाची शाई, रंग न मिसळलेली! मतदान उधळलं तेव्हा लुटलेली. हिच्यात चांदीचा क्षार असतो, उन्हात कातडीवर काळा पडतो."

म्हणून सांगते आयांनो, खूण रोग अडवत नाही, थेंब अडवतात. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, हे झालं कसं?

माझ्या पाठोपाठ आलेल्या जाऊबाईंनी नर्सबाईंपुढे छोट्याचं तोंड उघडलं. मागे सुतारीण लेकीला कडेवर घेऊन उभी होती. मुलीचा पाय लोंबत होता.

माझ्या लेकीने पदर ओढला. "आई, आता थेंब घेतले की तिचा पाय चालेल ना?"