पाच नंबरच्या टाकीचा चमत्कार

"माझ्या जिभेला आजवर कुणी फसवलेलं नाही!" मालकांनी जमलेल्या गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगितलं. अर्ध्या तासाने ते एका पितळी वाटीपुढे हात जोडून डोळे पुसत होते.

वाइनच्या कारखान्याच्या तळघरात ही गर्दी. सगळ्यांच्या मधोमध, वाटीच्या नादाने वाइन सुधारून देतो म्हणणारे, पांढऱ्या झग्यातले नादबाबा. आणि कोपऱ्यात स्टुलावर चवबाई, सकाळपासून चाळीस नमुने चाखून दात जांभळे झालेल्या. वाइन चाखायची आणि ती कशी आहे ते लिहून खाली सही करायची, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. यंदा ऐन तोडणीत पाऊस कोसळला. द्राक्षं पाणी पिऊन टम्म फुगली, निम्मी कुजली. पाच नंबरच्या टाकीबद्दल बाईंनी लिहिलं होतं: 'पातळ, आंबट, तुरट. साधी म्हणून विका.' मालकांना ती उंची लेबल लावून विकायची होती. "आज 'उंची' म्हणून सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका," त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

"आधी मुखशुद्धी!" बाबा गरजले. प्रत्येकाला चमचाभर मध. वर टाकीतल्या वाइनचा घोट. सगळ्यांची तोंडं वाकडी.

"द्राक्ष रडलंय! त्याचा हुंदका आत अडकलाय!" बाबांनी त्याच टाकीतून भरलेल्या सुरईवर वाटी धरून टण्णकन वाजवली. "आता मौन. एकेक खारा बदाम सावकाश चावा. मग प्या. आणि खबरदार, थुंकायचं नाही! नाद पोटात गेला पाहिजे."

सुरईतला घोट घेतला आणि माणसं पाघळली. "अहाहा! लोणी आहे लोणी!" सगळ्यांनी चार-चारदा खात्री करून घेतली. चौथ्या खात्रीनंतर एका गिऱ्हाइकाने टाकीला मिठी मारली.

"करा सही," मालक म्हणाले.

बाईंनी उसासा सोडला. गेल्या साली वाइन सुधारायला लोहचुंबकवाला आला होता, त्याआधी पिरॅमिडवाला.

"करते. पण आधी एक चमत्कार मीही करते. पाण्याने चुळा भरा सगळे. आता बदाम खा आणि ही घ्या. थेट टाकीतली आहे. हिने वाटी ऐकलेली नाही."

"अरेच्चा! हीसुद्धा लोणी!"

"आता मध चाटा, आणि बाबांच्या सुरईतली घ्या."

"शी! चिंच!" मालकांचा मेहुणा ओरडला. "दाजी, हुंदका परत आला!"

"श्रद्धा नसली की नाद उलटा फिरतो," बाबा घाईघाईने म्हणाले.

"नाद राहू द्या, बाबा. गोडावर प्यायलं की वाइन जास्त आंबट आणि कडू लागते. मिठावर प्यायलं की तीच मऊ लागते. म्हणून तुमचा मध नेहमी आधी आणि बदाम नंतर. दोन्हीकडे वाइन तीच होती, बदलत होतं ते तुमचं तोंड."

वाटी झग्यात लपवून बाबा दाराकडे सरकले.

मालक खुर्चीत बसले. "मग माझी जीभ...?"

"सगळ्यांचीच फसते, माझीसुद्धा. म्हणून तर आम्ही साध्या पाण्याने चूळ भरतो, नमुन्याचं नाव झाकतो आणि घोट थुंकतो. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एवढंच करा: क्रम उलटा करून बघा, वाटी काढून टाकून बघा. मी सांगते म्हणूनही मानू नका. स्वतः करून बघा."

मालकांनी उंची लेबलांचा गठ्ठा बाजूला सारला. "लिहा, साधी," ते शेवटी म्हणाले. "आणि उद्या वेळेवर या." बाईंनी सही केली. गर्दी पांगली.

मेहुण्याला मात्र बाईंचं म्हणणं फारच पटलं. तो एकटाच मागे राहिला. त्याने चूळ भरली, पाच नंबरचा नळ उघडला, एक घोट घेतला, "पाणचट!" म्हणाला आणि समाधानाने घरी गेला. नळ त्याने बंद केला नाही. संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी झाली.