पाडून बांधायची शाळा

बुलडोझर गावात शिरला तेव्हा बदरियाबाई सहावीला अपूर्णांक शिकवत होत्या. आवाज ऐकताच त्यांनी खडू खाली ठेवला.

सरकारची नवी योजना ऐकायला फार गोड होती. जुनी शाळा आधी पाडायची, मग त्याच जागी दुमजली बांधायची. फक्त, पाडल्याचा दाखला मिळाला की कंत्राटदाराला उचल मिळे, आणि उचल मिळाली की तो जो बसरा शहरात पळे, त्याचं तोंड पुन्हा दिसत नसे. शेजारच्या अबू सिद्र गावाची शाळा अशीच गेली. तिथले मुलगे आता कालव्यापलीकडच्या शाळेत चालत जातात आणि मुली घरी तंदूरपुढे बसतात. एवढ्या लांब मुलीला कोण धाडतो? बाईंनी इथली एकेक मुलगी तिच्या आईशी भांडून वर्गात आणली होती. त्या मुली पुन्हा घरात जाऊ द्यायच्या नाहीत, एवढंच त्यांना कळत होतं.

बाई बुलडोझरपुढे जाऊन उभ्या राहिल्या. चालक कर्रार नावाचा, पलीकडच्या कबिल्यातला, दुसऱ्या टोळीचा होता.

"बाई, मी हुकमाचा ताबेदार. बाजूला व्हा."

"हुकूम देणाऱ्याला पाठव. त्याला मी चहा पाजते."

कर्रार हसला, पण त्याने यंत्र पुढे घेतलं आणि कुंपणाची भिंत कडाकडा खाली आली. मुलं किंचाळत मागच्या दाराने पळाली. तोवर गावचा प्रमुख शेख फरहूद याची माणसं बंदुका आणि फावडी घेऊन धावत आली होती.

"ओढा त्याला खाली," बाई ओरडल्या.

त्यांनी ओढला. लाथा बसल्या, दगड बसले. मग नाइफने, त्यांच्यातल्या एका तरुणाने, फावडं उचललं. पहिल्या घावाला कर्रार 'आई' म्हणाला. दुसऱ्या घावाला काहीच म्हणाला नाही. रक्त बाईंच्या चपलांपर्यंत आलं. मारा असं त्या म्हणाल्या नव्हत्या, पण चिडलेल्या जमावाला अर्धंच वाक्य पुरतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं होतं: या गावाकडे आमच्या रक्ताचं देणं निघतं, आत पाऊल टाकेल तो मरेल. कर्रारचा कबिला नुसतं लिहून थांबला नाही. रोज गाड्या येत, गोळ्या झाडून जात. शाळेच्या खिडक्या फुटल्या. शेखचा गुराखी मांडीत गोळी लागून पाणवठ्यावर मेला. मग दोन्हीकडचे शेख एका तंबूत बसले, कडू कॉफी प्याले आणि उठले.

"मिटलं, बाई," शेख फरहूद सांगायला आला. "भिंतीवरचं पुसून टाकलं, बुलडोझरही परत येणार नाही. शुक्रवार-शनिवारची सुट्टी झाली की रविवारपासून शाळा उघडा."

"काय दिलंत?"

"म्हशी दिल्या, पैसा दिला." त्याने मिशीवरून हात फिरवला. "आणि नाइफची बहीण. मयताच्या भावाला, बायको म्हणून."

ती बहीण, नरजिस, बाईंच्याच सहावीत होती.

"पोर आहे ती, शेख. अजून दोरीच्या उड्या मारते."

"तुमची शाळा वाचली ना? ती काय फुकटात वाचते?"

बाई पोलीस चौकीत गेल्या. हवालदार सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हणाला, "कायद्याने गुन्हाच आहे, बाई. लिहून घेऊ का? उद्या मला पुरायला तुम्ही येणार असाल तर घेतो."

न्यायला माणसं आली त्या सकाळी नरजिस घरातून निसटली आणि थेट शाळेत शिरली. बाईंनी तिला वर्गात घेतलं, दाराला आतून कडी घातली, बाकं लावली. शाळा वाचवायला धावलेलीच सगळी माणसं आता बाहेर उभी होती.

पहिला धक्का नाइफचा होता.

"नाइफ, तुझी बहीण आहे रे ती."

"म्हणूनच उघडा, बाई. नाहीतर ते माझं मुंडकं मागतील." तो रडत होता आणि खांदा मारत होता.

दार बिजागरीसकट आत पडलं. बाई आत शिरलेल्या पहिल्या माणसाच्या अंगावर गेल्या, त्याच्या हाताचा लचका तोडला. बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर बसला. पुढचे दात जिभेवर आले. नरजिसने बाक घट्ट धरलं होतं. तिला केसांनी ओढलं तेव्हा बाकही तिच्याबरोबर फरफटत उंबऱ्यापर्यंत गेलं. तिथे कुणीतरी तिच्या बोटांवर टाच ठेवली. आया भिंतीशी उभ्या होत्या. मुलीही होत्या, आयांच्या काळ्या, पायघोळ अबायांना धरून, सगळं बघत.

शेखने शब्द पाळला. दोन दिवसांत नवं लोखंडी दार बसवून दिलं, निळा रंगही लावला.

रविवारी बाई सुजलेल्या तोंडाने दारात उभ्या राहिल्या. मुलगे आले, झाडून सगळे. मुलींची बाकं रिकामी राहिली. तास संपवून बाई नाइफच्या शेजारणीच्या घरी गेल्या.

"कुणी अडवलं पोरींना? शेखने?"

"कुणी नाही, बाई. मी स्वतः हाताला धरून आणत होते." ती खाली बघत म्हणाली. "येतच नाहीत. म्हणतात, तिथून नेतात."