खांद्यावरची मखमल

मी मखमली अंगरखा बोलतोय. इराणातल्या काशानचा आहे, तेव्हा थोडा तोरा सहन करा.

उस्ताद फरामर्जनी मला मागावर विणलं. रेशमाचे बारीक फास तारेवर उचलायचे आणि धारदार पात्याने कापायचे. त्यातून माझी लव उभी राहिली. दिवस मावळेपर्यंत मी जेमतेम बोटभर वाढायचो. त्यांची बायको म्हणायची, "याच्यापेक्षा आपलं डाळिंबाचं झाड बरं, भराभर वाढतं तरी." उस्ताद म्हणायचे, "मग शहाला डाळिंब नेसव."

शहांनी काही मला घातलं नाही. डोंगरातल्या एका गावाचे हाकीम, म्हणजे कारभारी, लुत्फअली बेग यांच्याकडून मापं मागवून मला शिवलं आणि त्यांना मानाचा पोशाख म्हणून धाडलं. रिवाज असा, की वेशीबाहेर दरबारच्या दूताकडून तो घ्यायचा, तंबूत अंगावर चढवायचा आणि सगळ्यांसमोर यायचं. मान नाकारला, तर मान जायची.

तंबूत बेग मला चढवू लागले. मी दंडापाशीच अडकलो.

"श्वास सोडा," ओढता ओढता त्यांच्या पत्नी माहपारा खानम म्हणाल्या.

"सोडलाय! आता घ्यायचा कधी?"

"मापं कुठली पाठवली होतीत?"

"लग्नातल्या अंगरख्याची."

"अहो, त्यानंतर किती पुलाव रिचवलाय!"

बाहेर नगारा सुरू झाला. बेगांचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या शिवणी कण्हायला लागल्या. उसवलो असतो, तर शहांचा मानच फाटला असता.

खानमनी मला ओढून काढलं, झटकलं आणि बेगांच्या खांद्यांवर टाकलं. "हात आत घालूच नका. हीच रीत असल्यासारखे ऐटीत चाला."

बेग निघाले. रिकाम्या बाह्या दोन्हीकडे डुलत होत्या. दूताने भुवया चढवल्या.

"ही कुठली तऱ्हा? इस्फहानच्या दरबारात नाही पाहिली कधी."

"येईल हो तिथेही," बेग म्हणाले. आवाज शांत होता. पाठीचा घाम मात्र माझ्या अस्तरात मुरत होता.

दूताने त्या झुलत्या बाह्या नीट न्याहाळल्या. मग हळूच त्यानेही आपले हात बाह्यांतून काढून घेतले.

पुढच्या नवरोजला गावचा न्हावीसुद्धा रिकाम्या बाह्या झुलवत फिरत होता आणि दाढी करताना त्या पाण्यात बुडवत होता.

बेगांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलगे म्हणाले, "विकून टाकू हा अंगरखा." खानम म्हणाल्या, "आधी मला विका." मला कसर लागली, तेव्हा खराब भाग कापून त्यांनी माझी उशी शिवली. दुपारी त्या माझ्यावर गाल टेकून पडतात आणि मधूनच एकट्या हसतात. गालाखालची माझी लव पार बसली आहे. नात येता-जाता ती घासून उभी करायला बघते.

तिला कुणीतरी सांगा, "पोरी, तेवढी जागा राहू दे."