सुंदर पाणी नावाच्या गावात

मी एक जुना, निळा पिकअप ट्रक आहे. निळा म्हणायचे ते सवयीने. उन्हाने माझा रंग केव्हाच उडवला आणि उरलेला चिखलाने खाल्ला. माझे इंजिन पुन्हा कधी सुरू होणार नाही. तरी मित्रांनो, ऑगस्टमधली ती दुपार आठवली की माझा पत्रा आजही थरथरतो. जिथे प्यायला पाणी मिळत नव्हते तिथे मी पाण्यात बुडालो! कसे, ते सांगतो.

माझा जन्म अमेरिकेच्या उत्तरेकडे मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. मला विकत घेतले टोइव्हो हौताला नावाच्या तरुणाने. तो कागदाच्या गिरणीत कामाला होता. उंच, अबोल आणि हट्टी. त्याचे घर एका अफाट सरोवराच्या काठी होते. तिथे पाण्याचे कोणालाच कौतुक नव्हते. ते आकाशातून पडे, छपरावरून गळे, थंडीत बर्फ होऊन रस्ते अडवे. हिवाळ्यात सरोवर गोठले की टोइव्हो मला सरळ बर्फावर नेई, भोक पाडून मासे धरी आणि मोठा मासा मिळाला की माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणे, "बघ गड्या!" रस्त्यावरच्या मिठाने माझे पोट गंजत होते, पण त्या थापेसाठी मी काहीही सोसले असते.

मग गिरणी बंद पडली. टोइव्हो घरी बसला. त्याची बायको व्हर्लीन परिचारिका होती. तिला दूर न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातून दोन दवाखान्यांनी बोलावणे धाडले. एक हॅचेट नावाच्या गावातला, दुसरा आग्वा बोनिता या गावातला. दोन्ही गावे लहान, दोन्हीकडे नोकरी सारखीच. निवड तेवढी करायची होती. म्हणून दोघे मला घेऊन बघायला निघाले.

हॅचेट मला मुळीच आवडले नाही. रस्त्याला लागून खोकीवजा घरे, सगळीकडे धूळ, कुत्री भुंकणारी. लोक मात्र काचेशी येऊन बोलत. आग्वा बोनिताची तऱ्हा वेगळी. तिथे गावाबाहेर एक घर विकाऊ होते. पुढे रुंद पडवी, अंगणात जर्दाळूचे झाड, मागे जांभळा डोंगर. घर दाखवणाऱ्या बाईने स्वयंपाकघरातला नळ सोडला. धो धो पाणी आले. उघड्या खिडकीतून मीही तो आवाज ऐकला.

"गावाच्या नावाचा अर्थच सुंदर पाणी," ती बाई हसून म्हणाली.

परतताना व्हर्लीनचे डोळे चमकत होते. टोइव्हो म्हणाला, "हॅचेटला निदान शेजारी तरी जवळ आहेत."

"शेजारी काय चाटायचेत? ते झाड बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग?"

टोइव्होने गिअर टाकला. निवड झाली.

जूनमध्ये आम्ही सामानासकट तिथे पोचलो आणि पहिला धक्का उन्हाने दिला. स्टिअरिंगला हात लावला की टोइव्हो शिवी हासडे. माझा डॅशबोर्ड तडकला. माझा गंज मात्र जागच्या जागी थांबला, कारण हवेत ओलावाच नव्हता. मला वाटले, वाळवंटाने काही घेतले, काही दिले. हिशेब मिटला. तो मिटला नव्हता.

आठवडाही झाला नसेल. सकाळी व्हर्लीन डोक्याला साबण लावलेला, अंगाला टॉवेल गुंडाळलेला, अशी पडवीत धावत आली. "टोइव्हो! नळ खोकतोय!"

खरेच, नळ खोकला, दोन थेंब थुंकला आणि गप्प झाला. टोइव्होने सगळे पाइप तपासले. शेवटी तो घरामागच्या हिरव्या टाकीपाशी गेला. ती जुनी, निकामी टाकी असावी असे त्यांना वाटले होते. त्याने तिच्यावर हात मारला. पोकळ आवाज आला. मी अंगणातूनही तो ऐकला.

हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर एकच घर होते. तिथे युफेमिया बाका नावाची एकटी म्हातारी राहायची. आधी कित्येक वर्षे शेळ्या पाळायची, आता शेळ्या गेल्या, पण आवाज आणि तोरा शाबूत होता. गवती हॅट आणि ओठांना लाल लाली लावल्याशिवाय ती उंबरठा ओलांडत नसे. आरडाओरडा ऐकून ती चालत आली.

"टाकी संपली वाटतं," ती म्हणाली.

"टाकी?" व्हर्लीन म्हणाली. "बाकाबाई, विहीर आहे ना इथे?"

"आहे की. आत सरडे राहतात. आटून युगं झाली."

"पण आम्ही घर बघायला आलो तेव्हा पाणी धो धो येत होतं!"

"येणारच. आदल्या दिवशी त्या बाईनं टँकर आणून टाकी भरून घेतली. मी माझ्या पडवीतून बघत होते."

व्हर्लीनचा चेहरा पांढराफटक पडला. साबणाचा ओघळ डोळ्यात जात होता, पण तिला भान नव्हते. "आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत?"

"तुम्ही विचारलंत? गाडीतून उतरलात, झाड बघितलंत, डोंगर बघितलात. मला लांबून हात केलात आणि गेलात. मी म्हटलं, कळत असेल यांना. मोठी माणसं दिसतायत." मग तिने व्हर्लीनच्या डोक्याकडे पाहिले आणि तिचा आवाज उतरला. "चल पोरी. माझ्याकडे बादलीभर आहे. डोकं तरी धुऊन घे."

त्या दिवसापासून माझे काम बदलले. टोइव्होने माझ्या हौद्यात प्लास्टिकची एक मोठी टाकी बांधली. गावात सार्वजनिक नळ होता, तिथून पाणी भरायचे आणि घरी आणायचे. वाटेत एक रुंद, कोरडा ओढा लागे. पूल नव्हता, रस्ता सरळ वाळूतूनच जाई. भरली टाकी घेऊन तो ओलांडताना माझ्या स्प्रिंगचे पाटे कण्हत. बाकाबाईचे पाणी आणणारा भाचा शहरात निघून गेला होता, म्हणून टोइव्हो तिचेही पाणी आणू लागला.

पण तो आतून करपत चालला होता. ज्याने उभा जन्म सरोवराकाठी काढला, तो आता थेंब थेंब वाहत होता. व्हर्लीनशी तो कामापुरतेच बोले. ती दवाखान्यातून दमून येई, तोंड पुसायला फडके ओले करी आणि मुकाट्याने झोपी जाई. ती माफी मागत नव्हती, हा दोष देत नव्हता. अंगणात माझ्यात बसला की मात्र तो स्वतःशी बोले, "थंडी पडली की मी जातो परत. तिला यायचं तर येईल." हे फक्त मला माहीत होते. गाडीला सगळे ऐकू येते, पण सांगता काही येत नाही.

आता ती दुपार सांगतो.

आकाश स्वच्छ होते. टोइव्होने गावात टाकी भरली आणि बाकाबाईला डोळ्यांच्या डॉक्टरकडून घेतले. डॉक्टरने तिच्या डोळ्यांत औषध घातले होते, म्हणून तिने मोठा काळा चष्मा लावला होता. तिला धड काही दिसत नव्हते. त्यामुळे ती जास्तच बोलत होती.

"डॉक्टर तरुण आहे. लाली लावून गेले ते बरं झालं. तू का रे असा एरंडेल प्यायल्यासारखा?"

"मी थंडीत परत जातोय, बाकाबाई," टोइव्हो एकदम म्हणाला. "मिशिगनला."

"आणि ती?"

तेवढ्यात आम्ही ओढ्यात उतरलो. निम्म्यात माझे मागचे चाक भुसभुशीत वाळूत रुतले. टोइव्होने जोर दिला, मी आणखी रुतलो. तो फावडे घेऊन उतरला. पुढचा काठ जवळच होता. उन्हात वाळू चकाकत होती.

बाकाबाईने खिडकीतून नाक बाहेर काढले. "पाऊस पडलाय," ती म्हणाली.

"कुठं पडलाय? ढग तरी आहे का एक?"

"डोंगरापलीकडे. वास येतोय ओल्या झुडपांचा. चल, बाहेर निघ ओढ्यातून."

"छान वास आहे. जरा थांबा, चाक मोकळं करतो."

"टोइव्हो, चाक राहू दे!"

"अहो, अंगावर एवढं ऊन पडलंय आणि तुम्ही..."

म्हातारीने पुढे वाद घातला नाही. तिने हात लांबवून चाचपडत माझी चावी काढली, दार उघडले आणि हॅट सावरत ती काठाकडे चालू लागली.

"ओ! चावी कुठं नेताय?"

"घरी!"

"डोकं फिरलं का म्हातारीचं!" फावडे टाकून तो तिच्या मागे धावला. काठाच्या वर त्याने तिला गाठले. "द्या ती इकडं!"

तिने चावी मुठीत घट्ट धरली. "ऐक," ती म्हणाली.

मी आधी ऐकले. माझ्या चाकांखालची वाळू गुणगुणत होती. मग वळणावरून काहीतरी तपकिरी आले. मित्रांनो, ते मला पाणी वाटलेच नाही. भिंत चालत यावी तसे ते आले, फांद्या, दगड, तारा, कुठल्या तरी फ्रिजचे दार, सगळे तोंडात धरून. आवाज गिरणीसारखा होता. मी तर ऐन उन्हात उभा होतो! मी हादरलो. विचार करायलाही वेळ मिळाला नाही. लोंढ्याने मला आडवे धरले, उचलले, गरगर फिरवले. काचा फुटल्या. हौद्यातली टाकी पट्टे तोडून गेली. इतक्या कष्टाने आणलेले पाणी पाण्यातच गेले. शेवटी एका वेड्या बाभळीच्या झाडाला मी आदळलो आणि तिथेच अडकलो. चिखल माझ्या टपापर्यंत चढला.

काठावर टोइव्हो मटकन खाली बसला. बाकाबाईने मूठ उघडली. "घे. आता घे तुझी चावी."

खरा घाला अजून पडायचा होता. दवाखान्यातली एक सहकारीण व्हर्लीनला घरी सोडायला येत होती. त्यांची गाडी गावाकडच्या काठावर थांबली. व्हर्लीन उतरली. तिला समोर लोंढा दिसला, आणि मग मी दिसलो. झाडाला टेकलेला, फक्त टप वर असलेला, निळा.

ती किंचाळली. मी अनेक आवाज ऐकले आहेत, पण तसा आवाज पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही. "टोइव्हो!" ती सरळ पाण्यात शिरू लागली. सहकारिणीने तिला कंबरेला मिठी मारून मागे ओढले. दोघी चिखलात पडल्या. व्हर्लीन हाताने वाळू ओरबाडत होती.

पलीकडच्या काठावरून टोइव्हो घसा फोडून ओरडत होता, "व्हर्लीन! अगं, इकडं! मी इथे आहे!" लोंढ्यापुढे त्याला कोण विचारतो? तो टोपी हलवत होता, उड्या मारत होता. ती तिकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्यावर खिळली होती, आणि मी रिकामा आहे हे मला सांगता येत नव्हते.

तेव्हा बाकाबाईने दोन बोटे तोंडात घातली आणि शीळ घातली. शेळ्यांना डोंगरावरून बोलवायची ती शीळ. पाण्याचा गडगडाट चिरून ती पलीकडे गेली. व्हर्लीनने मान वर केली.

तिला तो दिसला. ती उभी राहिली, पुन्हा बसली. मग तोंडावर दोन्ही हात दाबून रडू लागली. पाणी ओसरेपर्यंत दोघे दोन काठांवर उभे होते. कोणी क्षणभरही नजर हलवली नाही.

सूर्य कलला तसे पाणी गुडघ्याएवढे झाले आणि टोइव्होला धीर निघाला नाही. तो चिखल तुडवत पलीकडे गेला. तिने आधी त्याच्या छातीवर गुद्दे मारले, मग त्याला धरले.

"जाऊ या परत," ती म्हणाली. "माझं चुकलं. घर मी निवडलं."

"झाड मीही बघितलं होतं," तो म्हणाला. मग खाली मान घालून म्हणाला, "व्हर्लीन, मी तुला सोडून जाणार होतो."

"माहीत आहे. एकटा असलास की मोठ्यानं बोलतोस तू. खिडकीतून ऐकू येतं."

मला वाटले होते, ते गुपित फक्त माझे आहे. तो धक्का मला लोंढ्याएवढाच बसला.

परत जायचे तर घर विकायला हवे होते. पण विकायचे कसे? त्याला एकच मार्ग होता, टाकी भरायची, नळ सोडायचा आणि कोणाकडे तरी बघून हसायचे. टोइव्हो म्हणाला, "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही." व्हर्लीन म्हणाली, "माझ्याच्यानंही." म्हणून ते राहिले. आधी नाइलाजाने, पुढे मनाने. टोइव्होने जुनाच पण दांडगा टँकर घेतला. गावाबाहेरच्या पुष्कळ घरांत त्याच्यासारखीच फसलेली, किंवा आता म्हातारी झालेली माणसे होती. तो त्यांचे पाणी पोचवू लागला. तेच त्याचे काम झाले. ओढा मात्र तो आभाळ आणि डोंगर दोन्ही बघूनच ओलांडतो.

मला ओढून आणले, पण इंजिन वाळूने भरले होते. मेकॅनिकने मान हलवली. घरामागे मला उभे केले आणि बरेच दिवस कोणी माझ्याकडे फिरकले नाही. माझ्या हौद्यात पाली राहू लागल्या. मला वाटले, आपले काम संपले, आता आपली आठवण कोणाला?

एका सकाळी टोइव्हो बादली घेऊन आला. बादली काठोकाठ भरलेली होती. तो माझा वाळलेला चिखल धुऊ लागला. कुंपणापलीकडून बाकाबाई ओरडली, "अरे ए! पाणी उधळतोस? तेही मोडक्या गाडीवर?"

"माझ्या वाटणीचं आहे," तो म्हणाला. "आज मी अंघोळ करणार नाही."

त्याने माझे बॉनेट पुसले आणि त्यावर थोडा वेळ हात ठेवला.

मित्रांनो, एवढेच मागतो. नवी जागा निवडाल तेव्हा झाड बघा, डोंगर बघा, पण आधी शेजारच्या दारात जा आणि इथले पाणी कुठून येते ते विचारा. ऊन पडले आहे म्हणून कोरड्या ओढ्यात रेंगाळू नका. आणि ज्याने तुमचे ओझे वाहिले, तो माणूस असो की यंत्र, त्याच्या वाट्याला कधीतरी एक बादली येऊ द्या. मला ती मिळाली. त्या दिवशी माझ्या पत्र्यावरून ओघळलेले पाणी जमिनीने लगेच पिऊन टाकले, पण मी अजून त्या गारव्यात उभा आहे.