छपरावरची बैलजोडी

हूऽऽ... हूऽऽ... ही शीळ मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या डोक्यावर नुकतंच छप्पर चढलं होतं. आढ्यावरच्या दोन मातीच्या बैलांच्या पोकळ पोटात वारा शिरत होता. मी गावाचा पाण्याचा हौद. कुस्को शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावर बसलेला, दगडचुन्याचा. फार बोलायची मला सवय नाही.

ते छप्पर इलारियोनं घातलं. निलगिरीचे वासे खांद्यावरून आणले, कौलं एकेक करून बसवली. आमच्याकडे नव्या छपराला धर्ममाता लागते. ती बैलजोडी देते आणि स्वतः वर चढून बसवते. मला बासिलिया लाभली. शिडी चढतानाही तिचं तोंड चालूच होतं. त्या दिवसापासून इलारियो तिचा कोम्पाद्रे झाला आणि ती त्याची कोमाद्रे. रक्ताचं नातं नाही, पण छपराचं पक्कं.

ही जोडी परक्यांत कधी वाटून घेत नाहीत. भाऊ वेगळे निघाले तरच एकेक बैल नेतात. चुली दोन झाल्या तरी घर एकच, म्हणून.

पुढे इलारियोची बायको गेली. पोरं शहरात गेली ती तिकडचीच झाली. रविवारी मात्र बासिलिया वाळवल्या बटाट्यांचं सूप घेऊन त्याच्या दारात उभी. म्हणायची, "कोम्पाद्रेला उपाशी ठेवलं तर छप्पर शाप देईल बाई!"

वासे म्हातारे झाले. कौलं सरकली. पालापाचोळा, पाखरांची घाण माझ्यात पडू लागली. गावातली लेकरं पोटदुखीनं कळवळायला लागली. मला पाणी पाजण्यापलीकडे काही येत नाही, आणि तेही नीट होईना. फार वाईट वाटायचं.

शेवटी पत्र्याचं नवं छप्पर घालायचं ठरलं. घरटी एक माणूस कामाला आलं. धर्ममाता ठरली दुकानवाली दियोनिसिया. पण जुन्या छपराचं पहिलं कौल ज्यानं ते घातलं त्यानंच काढायचं, ही गावाची रीत. इलारियो आला, शिडीच्या खालच्या पायरीवर बसला आणि उठेचना.

"इलारियोबाबा, चढा की!" पाणी समितीचा नासारियो म्हणाला. "ढग भरून आलेत."

"गुडघा दुखतोय."

"काल बटाटे काढताना कुठं गेला होता हा गुडघा?"

सगळे हसले. दियोनिसियाच्या गाठोड्यातून नव्या बैलांची शिंगं डोकावत होती. त्यांच्याकडे बघत इलारियो माझ्या भिंतीशी पुटपुटला, "छप्परच गेलं, तर बासिलिया कोमाद्रे कुणाची?"

हे फक्त मला ऐकू आलं.

तेवढ्यात चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, घडा घेऊन बासिलिया धापा टाकत वर आली. "काय रे कोम्पाद्रे, शिडीला राखण बसलायस होय?"

"बसेन नाहीतर काय करीन. तुझे बैल उतरवताहेत."

"माझ्या बैलांखाली कबूतर कुजलंय, कबूतर! आणि त्याच पाण्याचं सूप मी तुला पाजतेय. तरीच वाटी चाटूनपुसून खातोस. ऊठ!"

माणसं पोट धरून हसली. इलारियोलाही हसू आवरेना. तो कण्हत वर गेला. आधी बैल उतरवून त्यानं बासिलियाच्या शालीत दिले. मग पहिलं कौल उचललं. माझ्या पाण्यात कितीतरी वर्षांनी आभाळ उतरलं.

दिवस कलायच्या आत पत्रा बसला. तो तापला की कुरकुरतो, पण खाली माझं पाणी आता नितळ आहे. आढ्यावर दियोनिसियाचे बैल उभे राहिले, चिचा संपली, माणसं उतरून गेली.

इलारियो तिथंच बसून होता. "जोडी तुझी आहे," तो म्हणाला. "घेऊन जा."

बासिलियानं शाल उघडली. एक बैल उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. वाऱ्याची झुळूक आली, तो हलकेच वाजला. दुसरा बैल तिनं शालीत गुंडाळला, पाठीशी बांधला आणि उतरणीला लागली.