वरचं पाणी

"हे पाहा, चमचा उलटा केला तरी डाळभात पडत नाही. लेकराले असं घट्ट द्यायचं," अंगणवाडीच्या सिंधूताई म्हणाल्या. मग त्यांनी दुसऱ्या वाटीतलं पिवळं पाणी सगळ्या आयांना दाखवलं. "अन् हे डाळीचं वरचं पाणी. यानं नुसतं पोट भरते. अंगाले काही लागत नाही."

सतरंजीवर बसलेल्या करिष्माने मांडीवरच्या नंदिनीला घट्ट धरलं. नंदिनीला नुकताच सातवा महिना लागला होता.

"ताई," तिने विचारलं, "अन् कोणी कितीक महिने पाणीच पाजलं असन तं?"

सिंधूताई या वस्तीत नव्या होत्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. "मंग वाळनच नं वं लेकरू," त्या सहज म्हणाल्या आणि वाटी पुढे फिरवली.

नंदिनीच्या आधी करिष्माला हर्षित झाला होता. सासू, पार्वतीबाई, रोज डाळीचं पाणी पातळ फडक्यातून गाळून, फुंकून त्याला पाजायच्या. डाळ जड पडते म्हणून तिचा कणही पोटात जाऊ द्यायच्या नाहीत. तो पिऊन निजायचा. गुणी पोरगं आहे, रडत नाही, असं सगळे म्हणायचे. पहिला वाढदिवस जवळ आला तेव्हा त्याला हगवण लागली आणि दवाखान्यातून तो परत आला नाही. डॉक्टर म्हणाले होते, अंगात ताकदच नव्हती. घरच्यांनी ते नशिबावर ढकललं.

प्रताप नगरच्या मागच्या वस्तीतल्या घराकडे जाताना करिष्मा मनात शब्द जुळवत होती. तुम्ही माह्या पोराले उपाशी मारलं. दारात पोचेपर्यंत वाक्य तयार होतं.

पार्वतीबाई चुलीपाशी डाळीचं पाणी गाळत बसल्या होत्या. करिष्माने ती वाटी उचलली आणि मोरीत रिकामी केली.

"काहून फेकलं वं?"

"यात काही नसते, आई. नुसतं पोट भरते. घट्ट डाळ, भात, अंडं द्या म्हणे ताई."

"अन् माही पोरं कशी वाढली मंग? हेच तं..." पार्वतीबाई मध्येच थांबल्या. हातातलं फडकं त्यांनी पिळलं, पुन्हा पिळलं. त्यात काहीच उरलं नव्हतं.

"शोभा नाही वाढली," त्या हळूच म्हणाल्या.

"कोण शोभा?"

"रोशनच्या आधीची. माही पहिली. ते बी अशीच निजून राहे. लोक म्हणे, पार्वतीची पोरगी लय गुणाची." त्यांनी करिष्माकडे पाहिलं. "मंग ते बी... अन् आपला हर्षित बी..."

रोशनशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण या घरात शोभाचं नाव करिष्माने कधी ऐकलं नव्हतं. वाटभर जुळवलेलं वाक्य तिच्या तोंडातून निघेना.

"त्याले हगवण झाली होती, आई," ती म्हणाली.

"मीनंच पाजलं."

"मीनं बी पाजलं. कामावर नसली की मीच पाजत होती."

दोघींच्या मधे नंदिनी जमिनीवर पालथी पडून हातपाय मारत होती.

दुसऱ्या दिवशी करिष्माने डाळभात मऊ कालवून, वर तेल घालून ठेवला. तिला मिहानमधल्या एका कंपनीत सफाईच्या कामावर जायचं होतं. पार्वतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नेहमी स्वतःहून हात पुढे करणाऱ्या त्या आज नंदिनीला घेईनात.

"शेजारच्या गोपिकाकडे ठेव तिले. माह्याजवळ नोको."

"गोपिकाचं तिले कायले पाहिजे? आजी आहे नं तिले."

करिष्माने नंदिनीला त्यांच्या मांडीवर ठेवलं, वाटी हातात दिली आणि चप्पल घालून निघाली. मागे वळून पाहायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. कोपऱ्यावर कंपनीची गाडी उभी होती.

"करिष्मा!"

ती वळली. पार्वतीबाई नंदिनीला कडेवर घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी बोटांवर घेतलेला घास लांबूनच दाखवला.

"एवढा घास चालते नं वं? मोठा तं नाही होत?"

गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. करिष्मा परत दारापर्यंत आली, तो घास नीट पाहिला.

"चालते, आई," ती म्हणाली. पार्वतीबाई तरीही हात तसाच धरून उभ्या होत्या. मग करिष्माने त्यांचं मनगट धरलं आणि घास नंदिनीच्या तोंडापर्यंत नेला.